चावलेला पेढा

कोपरखैरणे, १२ जानेवारी १९९५

हौसेराव व्याही यांस,

नमस्कार केवळ रीत म्हणून.

साताऱ्यात तुमची दुसरी नात ज्ञानेश्वरी घटसर्पाने अत्यवस्थ आहे आणि तो रोग आपल्या दोघांच्या नातीने, मंजुषाने दिला, असा तुमचा आरोप आहे. तो मला अमान्य आहे. मंजुषा इस्पितळात वेगळ्या खोलीत होती. मास्कशिवाय आत जाऊ नये आणि आतली वस्तू बाहेर नेऊ नये, असे दारावर स्वच्छ मराठीत लिहिले होते. सिस्टरांनी ते वाचूनही दाखवले. तुम्ही हसलात. “पावनं, पोरीला वाळीत टाकलीय का काय?” असे मला विचारत तसेच आत गेलात. देवीचा पेढा तिला भरवलात आणि तिने चावलेला उरलेला तुकडा ज्ञानेश्वरीला प्रसाद म्हणून खिशात घातलात. रोग मंजुषाने दिला नाही, तुम्ही नेलात.

इथवर युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु दाराशी राखणीला सिस्टरांनी मला बसवले होते. सुनेच्या वडिलांचा अपमान नको म्हणून मी उठलो, खुर्ची बाजूला घेतली, दार उघडून धरले. पेढा खिशात जाताना मी पाहिला आणि गप्प राहिलो.

हे शेवटचे वाक्य लिहिले नसते, तर पत्र आजच टपालात पडले असते.

मंजुषाचा आजोबा,
धनाजी