मंगळवारी तू कुठे होतीस?

नॉक्सव्हिल, २० एप्रिल १९८७

चि. रीथास,
ओलीनदादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू बांधून दिलेली मक्याची भाकरी घाट उतरायच्या आतच संपली. इकडे माझं डोकं मात्र पार चक्रावलंय. खाणीत मला सापडलेलं माणिक परवा पैलू पाडायला इथल्या लेमनकडे नेलं. त्याने भिंगातून दोनदा पाहिलं आणि म्हणाला, की हा दगड तुमच्या खोऱ्यातला नाहीच. तिथल्या माणकात बारीक धागे दिसतात, यात एकही नाही. हा कुठून तरी समुद्रापलीकडून भट्टीत भाजून आलाय. मी त्याच्याशी कडाकडा भांडलो.

आता तूच सांग. पर्यटकांसाठी दगड मिसळून ठेवलेल्या बादल्यांना मी हातसुद्धा लावत नाही. आपण साध्या मातीचे पैसे भरले, ती मीच खणली, पाटाच्या पाण्यात चाळणी मीच हलवली. मग हा पाहुणा आला कुठून? बादली बदलली का?

लग्नात आयडेलला काचेच्या खड्याची अंगठी घातली तेव्हा कबूल केलं होतं, की आपल्या खोऱ्यातलं माणिक माझ्या हाताने शोधून बसवीन. एक्केचाळीस वर्षं उद्या-उद्या म्हणत राहिलो आणि ती गेली. काच केव्हाच पडली, रिकामी अंगठी माझ्याकडे आहे. १७ मे, थडगी सजवायचा रविवार, तिचा पहिलाच. त्या दिवशी तिच्यापाशी ठेवायची होती. काय करू, काही सुचत नाही.

माया आहेच, ती असू दे.
तुझा ओलीनदादा

फ्रँकलिन, २७ एप्रिल

ती. दादास,
रीथाचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा फाडलं, हे चौथं. बादली बदलली नाही. तू कॉफी आणायला गेलास तेव्हा तो दगड मीच तुझ्या चाळणीत टाकला. तिथल्याच दुकानातून घेतला होता.

चार तास तू त्या थंडगार पाण्यात हात घालून बसला होतास. बोटं निळी पडली, तरी उठायचं नाव नाही. मला बघवेना रे. आणि दगड दिसल्यावर तू हसलास, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. तू तो लेमनकडे नेशील हे या खुळ्या डोक्यात आलंच नाही. चुकलं माझं. रागाव, पण पत्र पाठव.

तुझ्या पायाशी,
रीथा

नॉक्सव्हिल, ७ मे

रीथास,

आशीर्वाद लिहिणार नव्हतो. लिहिले समज.

तुझं पत्र वाचलं. आयडेलच्या नावाने खोटा दगड पुरायला निघालो होतो, तोही तुझ्यामुळे! मग मंगळवारी तुला न कळवता खाणीवर गेलो. चाळणी नजरेआड होऊ दिली नाही, कॉफी प्यायलो नाही, लघवीलासुद्धा उठलो नाही. दुपारी एक खडा मिळाला. मसुरीएवढा, मळका, तडा गेलेला. लेमन म्हणतो धागे आहेत, इथलाच.

पण माझा विश्वास बसेना. मागच्या बाकावर पिवळा रुमाल बांधलेली एक बाई होती, ती तूच होतीस असं आता वाटतंय. लेमनलाही तू फितवलं असशील. आयडेलला पुन्हा फसवायचं नाहीये मला. देवाशपथ सांग, मंगळवारी तू कुठे होतीस?

ओलीन

फ्रँकलिन, १० मे

ती. दादास, सा. न.

मंगळवारी मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. दाढ सोबत पाठवते आहे, लेमनला दाखव.

रविवारी लवकर ये. जेवणाला बटाट्याचं सॅलड मी करते, थडग्यापाशी खड्डा तू खण. अंगठीला मी हात लावणार नाही.

तुझीच,
रीथा