झरीकडच्या जागेचा कौल

॥ श्री ॥

कोरगाव, पेडणे
बुधवार, कार्तिक वद्य अष्टमी
१२ नोव्हेंबर २०२५

ती. पार्वतीताईस,

धाकट्या देवकीचा साष्टांग नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळी खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींना पथ्य सांभाळायला सांग. तुळशीच्या लग्नाचे लाडू त्यांनी किती खाल्ले ते मला साखळीहून कळलेलं आहे.

तू म्हणशील, घरात फोन असताना ही पाकिटाला डिंक लावत कशाला बसली. फोनवर तू 'हं' म्हणतेस आणि 'गॅसवर दूध आहे' म्हणून ठेवतेस. चतुर्थीपासून तुझं दूध गॅसवरच आहे, ताई. पत्र मध्येच ठेवलंस तरी चष्मा शोधून पुन्हा उघडशील, एवढी मी तुला ओळखते.

तुझा निरोप भावोजींनी सांगितला. आईच्या झरीकडच्या जागेवर तुझ्या सिद्धीला धंद्याची शेड घालायला द्यायची की नाही, ते देवाला विचारायचं. मी देवळात कौल लावायचा. उजवा पडला तर तू कागदावर सही करणार, डावा पडला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी सोमवारी देवळात जाऊन आले. त्याचं खाली लिहिते. आधी बाकीचं वाच.

यंदा कापणीला पावसाने गाठलं. भात अंगणात पसरलं, गोळा केलं, पुन्हा पसरलं. ह्यांची कंबर धरली आहे, पण पान खायला म्हणून तिठ्यावर जाताना ती सुटते. तुळशीला ऊस आणला, तो एवढा महाग की मी एकच घेतला आणि मधोमध कापून दोन बाजूंना बांधला. देवाला चालतं. शेजारणीला चालत नाही.

आता तुझ्या लेकीचं. तिथं साखळीत ट्रकांच्या ऑफिसातली नोकरी गेली तेव्हा मांद्र्याच्या हॉटेलात हिशेब लिहायला म्हणून सिद्धी माझ्याकडे राहायला आली, हे तुला माहीत आहे. पुढचं तू कधी विचारलं नाहीस. तिथं तिने पाहिलं, की चादरी-टॉवेल धुवायला लांब पाठवतात, ते चौथ्या दिवशी येतात, आणि त्यात दुसऱ्याच हॉटेलच्या चादरी निघतात. तिने नोकरी सोडली आणि माझ्या पडवीत दोन मशिनी लावल्या. तू म्हणालीस, "परक्यांची अंथरुणं धुणाऱ्या पोरीला करून कोण घेणार?" चतुर्थीला तिच्यापुढे पान मांडलंस, पण तोंडातून शब्द काढला नाहीस. पोर तशीच जेवली आणि संध्याकाळच्या बसने परत आली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही तुझीच बहीण होते. माझं सोवळं तुला ठाऊक. ती गाठोडी मी काठीने सरकवायचे. सिद्धी हसायची, "मावशे, त्यांत साप नाय गो." मग श्रावणात तिला ताप भरला. मशीन थांबलेली, आत चादरी भिजलेल्या, मांद्र्याची गाडी दारात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी पदर खोचला आणि हात घातला. मग आंघोळ करून देवघरात गेले, वात लावली. ती रोजच्यासारखीच लागली. त्यानंतर काठी परत गोठ्यात गेली.

झरीचीच जागा का, हे तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोखंड आहे. आपण पितो, आपल्याला कळत नाही. पांढऱ्या चादरीला कळतं. मे महिन्यात मोरजीच्या एका हॉटेलचा अख्खा गठ्ठा तांबूस होऊन निघाला. सिद्धीने लपवलं नाही. त्यांना नव्या चादरी घेऊन दिल्या, आणि एवढं करूनही ते गिऱ्हाईक गेलंच. दोन दिवस पोर जेवली नाही. मग बाटल्या घेऊन गावभर हिंडली, ज्याच्या त्याच्या विहिरीचं पाणी तपासायला दिलं. निवळ निघालं ते आपल्या आईच्या झरीचं. बारमाही पाणी, आणि आपण दोघी वर्षातून एकदा काजूच्या बिया वेचायला तिथं जातो.

शेड, मोठ्या मशिनी, वाळवायचं यंत्र, एवढा पैसा माझ्या फडताळात नाही. बँकेने घर तारण मागितलं. ते ह्यांच्या आणि दिरांच्या नावावर. मग सिद्धीला कुणीतरी पणजीच्या क्षमाताईंचं नाव सांगितलं. ह्या बाईंनी खोके बनवायचा कारखाना वीस-पंचवीस वर्षं चालवला आणि चांगल्या भावाने विकला. आता त्यांच्यासारख्या आणखी काही जणींना घेऊन बायकांच्या नव्या धंद्यांत पैसे घालतात. कर्ज नाही, व्याज नाही. धंद्यात भाग घेतात. धंदा वाढला तर भागाची किंमत वाढते, बुडाला तर त्यांचंही बुडतं. मी ऐकलं तेव्हा म्हटलं, ही बाई एकतर साधी आहे नाहीतर लबाड.

दसऱ्यानंतर त्या आल्या. ह्यांनी खुर्ची पुसून ठेवलेली, मी कपाटातल्या कपबश्या काढलेल्या. बाई खुर्चीकडे गेल्याच नाहीत. वहाणा काढून सरळ पडवीत. सिद्धीच्या हातात ओली चादर होती. तिचं एक टोक त्यांनी धरलं आणि दोघी पिळत पिळत बोलायला लागल्या. अंगावर चांगली साडी, कोपरापर्यंत पाणी ओघळतंय, लक्ष नाही.

पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुझं सगळ्यात वाईट कधी झालं?"

मी मागून डोळ्यांनी खुणावते आहे, तांबड्या चादरींचं काढू नको गो बाये. पोरीने तेच पहिलं काढलं. अगदी गिऱ्हाईक काय बोललं तेसुद्धा. क्षमाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. आणि पावसात? अर्धी हॉटेलं बंद, ऊन नाही."

"मोपाक विमानां पावसात पण उतरतात, बाई. तिकडची हॉटेलं चालूच असतात, त्यांच्याशी बोलणं झालंय. वाळवायचं यंत्र तेवढं नाही. त्याचेच पैसे मागते."

ओसरीवरून आमचे हे मध्ये पडले. "आणि उद्या तिचा लग्न झाला काय धंदो कोण बघतलो?"

क्षमाताई हसल्या. "रामचंद्रराव, तुमचं लग्न झालं तेव्हा तुमची शेती कोणी बघितली?"

ह्यांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

चहा घेताना त्यांनी विचारलं, ह्या दोन मशिनींना पहिले पैसे कुणी घातले. सिद्धीने माझ्याकडे बोट केलं. ताई, हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. नारळाचे आणि काजूबियांचे माझे वेगळे ठेवलेले, काशीला जायचे म्हणून, ते मी तिला दिले. हे म्हणाले होते, "तुका खूळ लागलां." मी म्हटलं, काशी आहे तिथंच आहे, पोरगी उद्या साखळीला परत गेली तर पुन्हा उठायची नाही. वहीत मात्र लिहायला बसले आणि अडले. खर्च म्हणावा तर खर्च नव्हे, उसने म्हणावे तर परत मागायचे नाहीत, दान म्हणावे तर पुण्याचा विचारही मनात नव्हता.

"मग तुम्ही एंजल इन्व्हेस्टर," क्षमाताई म्हणाल्या. एंजल म्हणजे देवदूत, असं सिद्धीने सांगितलं. मी म्हटलं, "ते पंखवाले पाद्रीच्या इगर्जीत असतात, बाई. आमच्याकडे राखणदार असतो. शेताच्या बांधावर उभा राहतो. पिकाला हात लावत नाही, पण चोराला पाय टाकू देत नाही."

"हेच माझं काम. मला मराठीत सांगता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पण तुम्ही का दिलेत?"

जे तोंडात आलं ते बोलले, "चादर घडी घालताना ती कोपऱ्याला कोपरा जुळवते. घाईत असली तरी. अशी पोर बुडवायची नाही."

मला वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी मान हलवली. "जुळवणाऱ्यासुद्धा बुडतात, देवकीताई. माझे पैसे अशा दोघींत बुडाले आहेत. चांगल्या मुली होत्या."

"मग काय केलंत?"

"फोन केला. विचारलं, आता पुढे काय करायचं मनात आहे? एकीने तीन महिन्यांनी उत्तर दिलं. तिच्यात मी पुन्हा घातले."

तेव्हापासून ही बाई माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी फुकट घेतल्याशिवाय हलत नाही. बुडालेल्या पैशाच्या मागून माणसाची चौकशी करायची, हे मी कुठल्या पोथीत वाचलेलं नाही, आणि पोथ्या मी कमी वाचलेल्या नाहीत. जाताना त्यांनी सिद्धीला बजावलं, "मोठा भाग तुझाच राहील. कोणी कितीही दिले तरी तो सोडू नकोस, मलाही नाही." मग जागेचं बोलल्या. जागा आपल्या दोघींच्या नावावर, म्हणून भाडेपट्ट्यावर दोघींच्या सह्या लागतील. महिनाअखेर सह्या झाल्या तर त्यांच्या मंडळाचे पैसे येतील. नाहीतर ह्या हंगामात नाही, आणि हंगाम गेला तर मांद्र्याची दोन्ही हॉटेलं दुसरीकडे जातील, हे सिद्धी स्वतःच म्हणाली. पडवीतल्या दोन मशिनींवर ती फार दिवस तग धरणार नाही.

माझी सही झालेली आहे. तुझी जागा कोरी आहे.

आता देवळातलं. सोमवारी उपास धरून, सोवळ्याने गेले. माझ्यापुढे एकच बाई होती, म्हैस विकायची की ठेवायची म्हणून. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या. डावी पडली. बाई म्हणाली, "वारो इलो तो. परत लायात." परत लावल्या. परत डावी. "आता माझी सावली पडली." तिसऱ्यांदा उजवी पडली, तेव्हा तिने हात जोडले आणि म्हणाली, "देवान सांगल्यान, इक म्हणून."

मला हसू आलं. आणि हसता हसता मी पुढे सरकले.

गुरव म्हणाले, "वयनी, तुमचा काय?" ताट माझ्या हातात, नारळ, फुलं, दक्षिणा. मी देवाकडे बघितलं. ताई, लहानपणापासून मी ह्या देवाला विचारल्याशिवाय विहिरीवर पंपसुद्धा बसवलेला नाही. पण उभ्या उभ्या मला कळलं, की डावी पडली असती तर मी पण वाऱ्यालाच दोष दिला असता. सात वेळा लावायला लावलं असतं. आणि सातव्यांदाही डावी पडली असती, तरी घरी येऊन सिद्धीला नाही म्हणाले नसते. मग विचारायचं कशाला? ज्याचं ऐकायचं नाही त्याला विचारणं म्हणजे त्याचा अपमान. आपल्याला कळत नाही तेव्हा देवाला विचारावं. मला कळलेलं आहे.

मी नारळ फोडायला दिला, नमस्कार केला आणि परत आले. कौल लावला नाही.

उजवा पडला असं तुला कळवलं असतं, तर तुझी सही एव्हाना झाली असती. ते मनात आलं नाही असं नाही. बसमध्ये आलं, झोपताना आलं. पण त्या सहीवर उभी राहिलेली शेड मला बघवली नसती, आणि तुझ्या लेकीला आयुष्यभर वाटलं असतं, आईने देवाच्या भीतीने दिलं. तिला तुझ्याकडून पाहिजे, ताई. क्षमाताईंचे पैसे पाहिजेत, माझी सही पाहिजे, पण तुझ्याकडून ती वेगळंच काहीतरी मागते आहे, आणि ते ती कधी बोलणार नाही, कारण अडेलपणा तिने तुझाच घेतला आहे.

म्हणून परवा शुक्रवारी ये; पाकीट उद्या सकाळी बसवाल्याच्या हाती देते, म्हणजे वेळेत पोचेल. म्हापशाच्या बाजाराला येतेसच, तिथून पेडण्याची बस धर. मी तुला कोरगावच्या तिठ्यावर घ्यायला येते. पडवीत बस, तिचं काम बघ. झरीवर जाऊ, पाणी ओंजळीत घेऊन बघ. मग हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणायचं झालं तर तिच्या तोंडावर म्हण, का ते सांग. ती ऐकून घेईल. देवाच्या नावावर नाही म्हणू नकोस. मी त्याला मध्ये घेतलेलं नाही, तूही घेऊ नकोस.

देवळातून परत आले तेव्हा सिद्धी दारातच होती. हात ओले, साबणाचा फेस कोपरापर्यंत. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मावशे, कसो पडलो?"

मी म्हटलं, "अजून पडाक नाय. तुजी आवय शुक्रवारी येतली."

भावोजींना नमस्कार.

तुला न विचारता तुझा शब्द देऊन बसलेली,
तुझी धाकटी
देवकी