अक्षतांची घरघर

प्रिय आई,

तुझा कॉम्प्युटर आज न घोरता सुरू झाला, म्हणून त्यावरचं पहिलं लिखाण तुलाच. संध्याकाळी द्यायचा लेख थांबेल थोडा.

गेले काही महिने तो मध्येच बंद पडायचा. अर्धा लेख व्हावा आणि स्क्रीन काळी! नवा घ्यायची ऐपत नव्हती. आणि खरं सांगू? नवा मला नकोच होता. लालबागच्या या खोलीत तू खिडकीशी बसून लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करायचीस आणि कॉलेजातून आलेली मी तुझ्यामागे आडवी व्हायचे. पंख्याची ती घरघर ऐकत झोप कधी लागायची, कळायचंच नाही. अजूनही दुपारी डोळा लागला की वाटतं, तू बसली आहेस, कुणाचं तरी लग्न जुळवते आहेस.

तळमजल्यावरचा गिरीश कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझं बजेट ऐकून हसला. "ताई, एवढ्यात नवा माउस येईल! उघडून बघतो. पण मदरबोर्ड गेला असेल तर सरळ भंगारात. चालेल ना?"

चालेल म्हणाले. कुठलं चालतंय गं!

त्याने बाजूचा पत्रा काढला आणि बघतच राहिला. "ताई, हा पीसी आहे की तांदळाचा डबा?"

आई! दर दसऱ्याला तू वरच्या जाळीला हळदकुंकू लावून मूठभर अक्षता वाहायचीस. मी हसले की म्हणायचीस, "मशीनाक पण मान व्हयो. आपल्याक जेवक घालता." तुझा तो सगळा मान जाळीतून आत गेला होता. पात्यांत तांदूळ, झेंडूच्या सुकल्या पाकळ्या, सगळीकडे पिवळी धूळ. जणू आत मांडव पडला होता! पंखा अडायचा, मशीन तापायचं, बंद पडायचं. अगं, अक्षता जरा बाजूला वाहिल्या असत्यास तर?

बोर्ड मात्र शाबूत निघाला. गिरीशने ब्रशने सगळं साफ केलं, कुठल्याशा मशीनमधून काढलेली रॅम लावली, जुन्या डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली. आता बटण दाबताच सुरू होतो. आवाजच नाही. खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटते.

म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या अक्षतांच्या आवाजावर झोपत होते?

पत्रा लावताना गिरीश थांबला. "कोपऱ्यात एक दाणा राहिलाय. काढू?"

"नडेल का?"

"छे, पंख्यापासून लांब आहे."

"मग असू दे."

यंदा दसऱ्याला पूजेपुरता जाळीवर तुझा क्रोशाचा रुमाल अंथरीन आणि अक्षता कीबोर्डपुढे वाहीन. मानात कसूर होणार नाही. आणि माझे हात चालतायत तोवर, आई, तुझं मशीन रिकामं बसणार नाही.

चल, लेख पुरा करते.

तुझी,
बेबी