गुडघ्याचं तेल, फियाटचे टायर

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

झाला एकदाचा करार! आज यांना देवघरासमोर उभं केलं आणि वदवून घेतलं. पंधरा डिसेंबरच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आले तर फियाट राहील. नाही आले तर विकायची, आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी पिठाची गिरणी येणार. आमच्या गल्लीत एक गिरणी नाही. नाचणी दळायला बायका पार मार्केटपर्यंत जातात. मी किती वर्षं बोंबलतेय! पण शेडमध्ये फियाट झोपलीय, महाराणी.

शर्यत म्हणजे काय तर — गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर प्लास्टिकच्या उंच टोकदार लाल टोप्या मांडायच्या, त्यांच्यामधून गाडी वळवत न्यायची आणि घड्याळ बघायचं. फॅक्टरीतले सगळे हौशी बाप्ये. हे दर वर्षी टोप्या पाडून येतात. म्हणे, "टायर जुने आहेत गं, रस्ता धरत नाहीत." यांच्या फॅक्टरीतल्या भगवंतरावांचे पण जुनेच. ते नाही पाडत!

१९ नोव्हेंबर

गच्चीवर गेले तर हे टायरांना ब्रशने रंगात घालायचं थिनर फासतायत. माझ्या संडग्यांच्या शेजारी! म्हटलं, अहो, हे काय? तर रबर मऊ झालं की रस्त्याला चिकटतं, वळणावर गाडी घसरत नाही, असं कुणी फॅक्टरीत सांगितलं.

संडगे वासाने गेले. सगळे फेकले. आणि टायर? वरवर, स्वल्प मऊ.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सराव होता. मी पण गेले. हरताना बघायला.

घरून, शिवाजीनगरपासून पार धावपट्टीपर्यंत तेच मऊ केलेले टायर घालून गेलो! पोचलो तर रस्त्यातली सगळी खडी टायरांना चिकटलेली, तिळाचा लाडू जसा. मऊ थर वाटेतच घासून गेला. पहिल्याच वळणावर गाडी गर्रकन फिरली, टोप्या आडव्या. भगवंतराव हसायला लागले, "मल्हारराव, दोन टोप्या घरी घेऊन जा की, रोज पाडा!" यांचं तोंड एवढंसं झालं.

परत येताना मी म्हटलं, "लग्नाला जाताना शालू नेसून बसच्या दांड्याला लोंबकळतं का कुणी? पिशवीतून न्यायचा, तिथं नेसायचा!"

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. गिरणी जवळ आली. नाही झाला. असला अर्धवटपणा बघितला की माझं डोकंच फिरतं.

२७ नोव्हेंबर

गुडघे ठणकतायत. गंधपुऱ्याचं तेल चोळलं आणि वर गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. उचलायला गेले तर पिशवी गुडघ्याला चिकटली! जिथं तेल लागलं तिथं रबर फुगून लिबलिबीत झालेलं. नवी पिशवी! दुकानदाराला घरी बसून भरपूर शिव्या दिल्या.

मग त्या फुगलेल्या रबरात नख रुतवून बघितलं.

मग उठून गच्चीवर गेले. गुडघे तसेच ठणकत होते.

२९ नोव्हेंबर

परवा एका फाटक्या टायरच्या तुकड्याला तेल लावून ठेवलं होतं. आज नख रुतलं! आधी दगड होता तो.

यांना दाखवलं. पुन्हा पुन्हा नख रुतवून बघितलं, मग माझ्याकडे बघत राहिले. "जमने, तुला गिरणी हवीय ना?"

"हवीच आहे. पण तुमचं थिनर मला घरात नको."

३ डिसेंबर

चिकपेटच्या बाजारातून गंधपुऱ्याच्या तेलाचा डबा आणला. तेलवाला विचारतो, "अक्का, घरात किती जणांचे गुडघे दुखतात?" म्हटलं, चौघांचे. चौघं पण काळे आणि गोल.

आल्या आल्या पहिल्या टायरवर भसाभसा ओतलं. मला कुठला धीर! संध्याकाळी त्याची कड बोटाने सोलून यायला लागली. गेला तो. आता त्याच्या जागी स्टेपनी. हे एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आता पातळ हात. फडक्याने पुसायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, उन्हात ठेवायचं, उद्या पुन्हा.

८ डिसेंबर

सकाळी उठून आधी टायर उलटते, मग चहा. वेड लागलंय मला!

१५ डिसेंबर, रविवार

टायर टेम्पोतून नेले. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि वर मी बसून. तिथं जॅक लावून बदलले. सगळ्या धावपट्टीवर माझ्या गुडघ्यांचा वास!

गाड्या तपासणारा कानडी तरुण वास हुंगत आला. "यारिगादरू पेट्टायिता, अक्का?" कुणाला लागलंय का म्हणून विचारतो! यांनी सरळ खरं सांगून टाकलं. त्याने वाकून टायर दाबला, हसला, नियमांचं पुस्तक चाळलं. "तेलाचं काही लिहिलेलं नाही. सरी, जाऊ द्या."

भगवंतराव आधी गेले. प्रत्येक वळणावर त्यांचे टायर किंचाळत होते. मग आमचे. किंचाळणं नाहीच, नुसतं गुरगुरणं! फियाट टोप्यांमधून अशी वळत गेली, जशी आपल्याच गल्लीत फिरतेय. एक टोपी पडली नाही. एक पण!

तिसरा नंबर! भगवंतराव चौथे.

मी इतकी ओरडले की घसा बसला. हे उतरले ते थेट माझ्याकडे, आणि सगळ्यांच्या देखत माझा हात धरला. शी! पण मी सोडवला नाही.

१६ डिसेंबर

गिरणी गेली. मीच घालवली. नाचणी घेऊन मार्केटला गेले. तिथं रांग.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी दारात रिक्षा. आत टायर, टायरांच्या मागे भगवंतराव. "वहिनी, हे स्वल्प मऊ करून द्याल? काय होईल ते देतो. आणि माझ्यासारखे आणखी तिघं-चौघं विचारतायत."

हे आतून धावत आले. "अगं, मला हरवायला निघालाय तो!"

म्हटलं, "तुम्ही दोघं रस्त्यावर काय ते बघून घ्या. माझं पहिलं गिऱ्हाईक आहे हे. आणि फियाट बाहेर काढा बघू. पत्रा छान तापतो, शेड मला लागणार आहे."