राग : नव्हता

प्रिय ताई,

हे फोनवर सांगता आलं नसतं. तुझा फोन सासूबाई स्पीकरवर लावतात आणि आमचा आईच्या कमरेला असतो. म्हणून कागद घेतला. आधी एकटी असताना वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

नाकातल्या लाल लाइटनं बाबांना फरक पडला, असं मी तुला दिवाळीत लिहिलं. ते वाचूनच तू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला तयार झालीस. त्या पत्रातला एकही शब्द खोटा नव्हता, तरी ते पत्र खोटं होतं.

बाबांच्या डोक्यात फावड्याचा दांडा बसला तेव्हा तू तिथेच होतीस. आपल्याकडून संत्र्याची कलमं नेलेला तो बागवाला दांडा मारताना ओरडत होता, "तुह्या कलमाच खराब, म्हणून माही बाग वाळली!" त्याचा बोर आटला होता, हे सगळ्या शेंदूरजनाघाटाला ठाऊक होतं. बाबांना सतरा टाके पडले. पुढचं, बाबांच्या रागाचं, तू सासरी गेल्यावर घडलं, आणि आम्ही तुला त्यातलं अर्धंच सांगितलं. आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही, ते सर्दीनं नाही. माझा दात पायरीवरून पडून तुटला नाही.

त्या लाइटची डबी आईनं अमरावतीच्या आरोग्य शिबिरातून आणली. वायरीच्या टोकाला चिमटा, चिमट्यात ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. तो नाकपुडीत अडकवून पंचवीस मिनिटं बसायचं. उजेड नाकातून मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदू शांत होतो, असं तिथला माणूस म्हणाला. पहिल्याच दिवशी शेजारच्या माणिकबाई कुंपणावरून ओरडल्या, "काहो खुशालराव, नाकात दिवा लावला, आता शिंगंबी रंगवून घ्या, पोळा जवळच आहे!" बाबा चक्क हसले. ते हसणंही मी तुला कळवलं होतं.

डबीसोबत छापील कार्ड होतं. 'प्रयोगाच्या वेळी राग : होता / नव्हता.' रोज एका शब्दावर खूण करायची. माझा स्वभाव तू जाणतेस. शाळेत जाण्याआधी बाबांनीच मला कलमांच्या चिठ्ठ्यांवर अक्षरं शिकवली. चिठ्ठीवर चुकीची जात लिहिली तर घेणाऱ्याची सहा वर्षं वाया जातात, हे बजावून शिकवली. म्हणून मी घड्याळ समोर ठेवून खुणा केल्या. पंचवीस मिनिटं बाबा खरंच गप्प बसत. चाळीस दिवस मी 'नव्हता'वर खूण केली. सव्विसाव्या मिनिटाला काय झालं, ते कार्ड विचारत नव्हतं. सव्विसाव्या मिनिटाला एकदा वरवंटा आईच्या पायावर आला. एकदा माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं गेलं. तरी त्या चाळीस खुणा समोर ठेवून मी तुला लिहिलं, कारण मला तू यायला हवी होतीस. मला इथे एकटीला भीती वाटते. एवढंच कारण होतं, ताई.

परवा दुपारी बाबा जेवत होते. बकरी चरायला गेली होती आणि तिचं आठ दिवसांचं करडू गोठ्यात ओरडत होतं. आई तुझ्या बाळासाठी दुपटं शिवत बसली होती. बाबा दोनदा म्हणाले, "चूप!" मी त्याला उचलायला उठले, तोवर ते ताटावरून उठले होते. त्यांनी करडाचे मागचे पाय धरले आणि त्याला गव्हाणीच्या दगडावर आपटलं. आवाज थांबल्यावरही आपटत राहिले. आईच्या हातातली सुई तशीच वर राहिली. मग बाबांनी हात धुतले, ओसरीवर बसले आणि मला म्हणाले, "आचल, लाइट आण."

मी चिमटा लावला तेव्हा दिसलं, दिवा पेटतच नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, हे तर बंद आहे."

"मले माहीत आहे. आठ दिवस झाले."

"मग काहून लावून राहिले?"

त्यांनी चिमटा नाकात नीट बसवला. "हे नाकात असलं का कोणी मले आवाज देत नाही. तेवढा वेळ हात मांडीवर राहतात माहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकरू रडते, आचल. लेकरू रडतेच. तुह्या ताईले येऊ देऊ नको."

मी त्या दिवसाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस. वसंतपंचमीची गाडी ठरली असेल, ओटी भरून झाली असेल, तरी येऊ नकोस. निमित्त शोधू नकोस, हेच पत्र सासूबाईंना वाचून दाखव. लाज वाटायची ती आम्हाला वाटू दे. आई रडली, मग तिनं पिशवी भरायला घेतली. गुरुवारच्या बसनं ती तुझ्याकडे हिवरखेडला येईल आणि तुझं बाळंतपण तिथेच करील. तिचा कान तिकडच्या डॉक्टरला दाखव, आणि ती कितीही म्हणाली तरी तिला लवकर परत पाठवू नकोस. मी बाबांजवळ राहते. माणिकबाईंना सगळं सांगितलं आहे, त्या रोज रात्री माझ्याकडे झोपायला येतील, आणि मी आतून कडी लावीन. तू माझी काळजी करशील, कर, पण तिथूनच. आणि बाळ झालं की त्याला उगी उगी करून गप्प बसवू नका. त्याला मोठ्यानं रडू दे.

तुझीच, अजून घाबरणारी,
आचल