मार्च महिना उघडून दाखवा

बाबा,

आज मी कोर्टात उभी राहिले, वकिलाशिवाय. तुम्ही असतात तर आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग सायकल काढून मागोमाग आला असतात. क्रेडिट कार्डाचं माझं थकलेलं कर्ज बँकेने कुठल्याशा कंपनीला विकलं आणि त्या कंपनीने माझ्यावर दावा ठोकला. मी वापरले त्याच्या तिप्पट मागतात. हरले तर शिलाईचं दुकान जातं. दादा म्हणाला, "काऊन भांडून राहिली? निपटवून टाक." का निपटवू? घेतले तेवढे देईन, फुगवलेले देणार नाही.

समन्स आलं त्या दिवसापासून मला राइस मिलचं फाटक आठवतं. तुम्ही तिथे पोती तपासायचात, मी डबा घेऊन यायची. एकदा तुम्ही जेवायला बसलात आणि मी शहाणपणा करून एक अख्खी गाडी पास केली, पोत्यांची तोंडं उघडून, वरचा दाणा बघून. तुम्ही उष्ट्या हातानेच उठलात. परखी, ती टोकदार पोकळ नळी, पोत्याच्या पोटात खुपसलीत आणि तळहातावर आली नुसती कणी. सगळ्या हमालांसमोर म्हणालात, "तोंडाजवळचा तांदूळ तं सारेच चांगला ठेवतेत. पोटात खुपस." मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही.

तीच परखी आज धीर म्हणून बॅगेत टाकली होती. टोकदार आहे म्हणत पोलिसाने ती दारावरच ठेवून घेतली. आत कंपनीचा वकील एकच मोठा आकडा पुन्हा पुन्हा वाचतो आहे. माझी पाळी येते. सही माझी, कार्डही मीच वापरलं, असं मी सरळ सांगते. "पण मॅडम, बाकी सगळं राहू द्या. यांनी फक्त मार्च महिना उघडून दाखवावा." मार्चमध्ये भरलेल्या पैशांची पावती माझ्या हातात होती, आणि त्यांच्या हिशेबात ती कुठेच नव्हती. वकील कागद चाळत राहिला. जज मॅडमनी त्याला पुढच्या पेशीला महिन्यामहिन्याचा हिशेब घेऊन यायला सांगितलं. अजून जिंकले नाही. पण त्यांच्या पोत्याला भोक पाडलं, बाबा, आणि मला फार आनंद झाला.

परखी परत मिळाली. हे पत्र तिच्याभोवती गुंडाळून कपाटात ठेवते. एक गोष्ट कोर्टात कुणी विचारली नाही, म्हणून मीही बोलले नाही. कार्डाच्या फॉर्मवर मी एक ओळही न वाचता सही केली होती, कारण कार्डवाला सोबत बॅग फुकट देत होता. बॅग चांगली निघाली. आज सगळ्या पावत्या तिच्यातच नेल्या होत्या.