दोन झेंड्यांमधलं पाणी

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. उकाडा नेहमीचाच. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी टाकायचा अवकाश, खडखडीत वाळतात. तुमच्या डोंगरावर ढग अडलेला इथून दिसतो. आमच्या सपाट बेटावर मेला एकही थांबत नाही.

बाबांचा मोतीबिंदू निघाला, नजर लख्ख झाली. तेच चुकलं बघ. दिवसभर खिडकीत बसून पाण्यापलीकडचं आपलं घर न्याहाळतात. "सूनबाईने आज धुणं उशिरा घातलं," असं मला सांगतात.

स्वातंत्र्याच्या सार्वमतात मत देऊन ते ऑपरेशनला इकडे आले, तेव्हा दोन्ही बेटं एकाच देशाची होती. मतमोजणी झाली, तुमचं बेट स्वतंत्र झालं, आमचं जुन्या देशात राहिलं आणि बाबा माझ्याच घरात परदेशी झाले. पोलिसांनी हटकू नये म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाहीत. "स्वतंत्र व्हायचा शिक्का तुम्हीच मारलात ना?" असं मी एकदा चिडवलं. "राज्य वेगळं व्हावं म्हणून मारला," ते म्हणाले, "लेक वेगळी व्हावी म्हणून नाही." त्या दिवशी जेवलेच नाहीत.

तू लिहितोस, "तिकडे औषधं फुकट आहेत, बाबांना तिथेच राहू दे." औषधांचं आता काही उरलं नाही, दादा. हे मला पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, हात धजला नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पावसाळा बघतील असं वाटत नाही. मी बाबांना बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मला घरी पाठव."

कचेरीने परवाना दिला, जाण्याचा. परत येण्याचा नाही. मला सोबत येता येणार नाही. तुमच्या बेटाचा व्हिसा आमच्या राजधानीत मिळतो, महासागरापलीकडे, आणि तिथून वर्षभर उत्तर येत नाही. आपलं अंगण डोळ्यांसमोर आहे आणि मी इथे कोंडलेली. चादरी पिळताना रडून घेते.

मंगळवारच्या बोटीने पाठवतेय. धक्क्यावर तू स्वतः ये. उतरताना हात दिलेला त्यांना आवडत नाही, तरी दे.

पिशवी त्यांनी आज स्वतःच भरली. म्हणाले, "चार दिवस राहून येतो, काळजी करू नकोस." परवाना वाचून सही त्यांनीच केली आहे. तुलाही तेच सांगतील. हो म्हण. मीही हो म्हटलंय.

तुझी,
इकडेच राहिलेली धाकटी